भिंतीचा अंदाज

कोच,

काल मी एक गोष्ट केली. तुम्हाला विचारून केलेली नाही, आणि आता विचारताही येणार नाही. ती नीट सांगावी म्हणून हे लिहायला बसलो आहे. मराठीत लिहितोय, कारण इंग्रजीत लिहायला लागलो की मी ऑफिसच्या रिपोर्टसारखा लिहितो आणि स्वतःला वाचवतो.

मागच्या शनिवारी चर्चमध्ये कर्टिस बोलायला उभा राहिला, तेव्हा मी आणि सुजाता मागून तिसऱ्या बाकावर होतो. त्याने बोलावं अशी मार्जची इच्छा होती. तुमच्या बायकोला त्या दिवशी कोणी कशालाच नाही म्हणत नव्हतं. कर्टिसने खिशातून कागद काढला, उघडला, पण त्यात पाहिलं नाही.

"खेळाडू म्हणून मी संपलो, ती चूक माझी होती," तो म्हणाला. "भिंतीचा अंदाज मला चुकला. कोचनी एकदाही ते मला बोलून दाखवलं नाही. उलट पुढच्या सीझनला मला हाताखाली घेतलं, शिकवायचं कसं ते शिकवलं. चुकलेल्या माणसाशी कसं वागावं, हे मी त्यांच्याकडून शिकलो."

लोक रडत होते. सुजाताने माझं मनगट घट्ट धरलं. मी मध्येच उठून बाहेर जाईन असं तिला वाटलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. तुम्ही पुढे बंद पेटीत होतात. कर्टिस जे बोलत होता ते खरं नाही, हे त्या चर्चमध्ये आता फक्त मला आणि सुजाताला माहीत होतं.

तुम्ही किती सामने जिंकलात, कितींदा प्लेऑफला गेलात, त्याआधी वीस वर्षं शाळेतल्या मुलांना फुटबॉल शिकवलात, हे सगळं इथल्या पेपरात छापून आलंय. माझ्यासाठी तुम्ही आधी समोरच्या घरातले शेजारी होतात. श्रूजबरीतला आमचा पहिला हिवाळा. मी बागेतलं खुरपं वाटावं अशा फावड्याने ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत होतो. तुम्ही रस्ता ओलांडून आलात, आपलं रुंद फावडं माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "पाठीने नको. पायांनी उचल. नाहीतर मार्चपर्यंत अंथरुणात राहशील." नाव विचारलंत. मी मिलिंद म्हणालो. तुम्हाला ते 'मिल' एवढंच जमलं, आणि ते तसंच राहिलं.

मग आम्हाला मुलगी झाली, मित्रा. तिच्यासाठी मी व्हिडिओ कॅमेरा घेतला, आणि तो तुमच्या नजरेत भरला. तुम्ही तेव्हा नुकतेच एका नव्या टीमचे कोच झाला होतात. छपराखालच्या फुटबॉलची टीम. मला वाटायचं अमेरिकेतला फुटबॉल, हातात चेंडू धरून धावायचा तो, म्हणजे टीव्हीवर रविवारी दिसतो तो, मोठ्या मैदानावरचा. तुम्ही मला आइस हॉकीच्या रिंकमध्ये घेऊन गेलात. बर्फावर फळ्या आणि त्यावर खोटं गवत. मैदान निम्म्याहूनही लहान. बाजूला रेघ नाही, भिंत. छातीएवढी, फोमच्या गाद्या लावलेली. एका बाजूला आठच खेळाडू, आणि त्यातले बरेचसे आक्रमणही करणार, बचावही. दिवसा कोणी छपरं शाकारायचं, कोणी शाळेत गणित शिकवायचं, कर्टिस पार्सलं ट्रकमध्ये भरायचा. संध्याकाळी ते सगळे येऊन त्या भिंतींवर आदळायचे.

"मला प्रॅक्टिस शूट करायला माणूस हवाय," तुम्ही म्हणालात. "पगार नाही. मार्जचा ॲपल पाय आहे."

मी हो म्हणालो. दोन सीझन मी तुमच्यासाठी शूटिंग केलं. नागपूरच्या आमच्या वस्तीत मी कबड्डी पाहत मोठा झालो होतो, पण खेळलो नाही. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, मला अभ्यासाच्या टेबलाशी बसवलं ते उठूच दिलं नाही. इथे पस्तिशी ओलांडल्यावर मला पहिल्यांदा एक टीम मिळाली.

तुम्ही कर्टिसला भिंत कशी घ्यायची ते शिकवायचात, ते मी कितीतरी वेळा कॅमेऱ्यातून पाहिलंय. चेंडू हवेत असताना भिंतीकडे बघायचं नाही. पायाखालची पावलं मोजायची. शेवटच्या पावलाला वळायचं आणि पाठीचा वरचा भाग आणि खांदा, सगळं एकदम गादीला द्यायचं. "भिंतीत बसायचं," तुम्ही म्हणायचात. "खुर्चीत बसतोस तसं. गादी तुला घेईल. गादीवर विश्वास नसेल तर घरी जा." कर्टिससारखं भिंतीत बसणारा तुमच्याकडे दुसरा नव्हता. त्या उन्हाळ्याच्या शेवटी मोठ्या मैदानावरच्या एका टीमने त्याला ट्रायलला बोलावलं होतं. त्याच्या आईने ते पत्र फ्रिजवर लावलं होतं.

आता माझा भाग. तो तुम्हाला माहीत आहे, तरी मला तो पहिल्यापासून सांगू द्या. कालपर्यंतच्या चार वर्षांत मी तो तुम्ही आणि सुजाता सोडून कोणाजवळ सलग बोललेलो नव्हतो.

मी ज्या फॅक्टरीत काम करतो ती फोम बनवते, आणि माझं काम तो तपासण्याचं. त्या वसंतात एक लॉट खराब निघाला. दाबला की दबायचा, पण परत वर यायचा नाही. मी त्यावर 'फक्त पॅकिंगसाठी' असा शिक्का मारला आणि सही केली. त्याच सुमाराला तुमच्या रिंकच्या नव्या गाद्यांची ऑर्डर आमच्याकडे आली होती, आणि मला त्याचा अभिमान वाटला होता. सुजाताला सांगितलंही होतं की कोचच्या भिंतीत आमचा फोम आहे.

पहिल्या घरच्या, म्हणजे आपल्या रिंकमधल्या, सामन्याआधीच्या गुरुवारी मी प्रॅक्टिस शूट करत होतो. कॅमेरा स्थिर राहावा म्हणून एका कोपऱ्यात, गोलपोस्टच्या उजवीकडे, भिंतीच्या गादीवर कोपर टेकवलं. थोड्या वेळाने कोपर उचललं, तर निळ्या कोऱ्या व्हिनाइलवर खळगा तसाच. मी तळहाताने दाबलं. आत लाकूड लागलं. हात काढला आणि दहापर्यंत मोजलं. खळगा भरला नाही. बाकीच्या सगळ्या भिंतीवरून मी हात फिरवत गेलो. ती चांगली होती. फोम कमी पडला असणार, आणि कोणीतरी त्या शेवटच्या कोपऱ्यात मी नापास केलेला लॉट भरून टाकला होता.

शुक्रवारी मी बॉसकडे गेलो. तो चिडला नाही. दार लावून घेतलं, बसायला सांगितलं.

"आतमध्ये काय आहे ते आम्ही बघू," तो म्हणाला. "तुझं काम टेस्टिंगचं. तुझी ग्रीन कार्डची फाइल आपल्याच वकिलाकडे आहे ना? कुठवर आली?"

एवढंच. त्याला आणखी काही म्हणायची गरजच पडली नाही.

घरी येऊन मी सुजाताला सांगितलं. ती मित्राला भरवत होती. चमचा हातात तसाच राहिला.

"आत्ता काही बोलू नकोस," ती म्हणाली. "प्लीज. इथून परत जायचं म्हणजे काय, कळतंय का तुला? अप्पांची ट्रीटमेंट आपल्यावर आहे. आणि एक कोपरा आहे फक्त. होईलच असं नाही ना काही?"

मीही तेच म्हणत होतो. एक कोपरा. होईलच असं नाही. आम्ही दोघांनी मिळून त्या वाक्याला धरून ठेवलं. यात सुजाताला दोष देत नाही. सही माझी होती, फोम माझ्या हाताला लागला होता.

शनिवारी सामन्याआधी तुम्ही माझ्याजवळ आलात. भिंतीवर हलकी थाप मारलीत, चांगल्या बाजूच्या भिंतीवर.

"कशा वाटतात, मिल? तुझं तर हेच काम."

"ठीक आहेत, कोच," मी म्हणालो.

हे वाक्य मी नंतर किती वेळा म्हणून पाहिलंय याला मोजदाद नाही. गाडी चालवताना, भाजी चिरताना. दुसरं काहीही म्हणता आलं असतं. "तो कोपरा एकदा बघा" म्हणालो असतो तरी पुरलं असतं. त्यासाठी कारणही द्यावं लागलं नसतं. तुम्ही ऐकलं असतंत. तुम्ही माझं सगळं ऐकायचात.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये कर्टिस त्या कोपऱ्याकडे धावला. मी त्याच बाजूला, दहा-बारा फुटांवर होतो. चेंडू उंच आला होता. त्याने पावलं मोजली, शेवटच्या पावलाला वळला, हात वर, चेंडू हातात, आणि तो भिंतीत बसला. गादीने त्याला घेतलं नाही. आवाज आला तो लाकडाचा. लोकांना कळलं नाही. चेंडू पकडला म्हणून ते उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी कॅमेरा चालूच ठेवला. का ठेवला माहीत नाही. बहुतेक डोळ्यापुढे काहीतरी धरून ठेवायचं होतं.

खांद्याचा सांधा फुटला, गळ्याजवळचं हाड दोन ठिकाणी मोडलं. दोन ऑपरेशनं झाली. तो हात पुन्हा डोक्याच्या वर गेलाच नाही, आणि ट्रायलच्या दिवशी तो घरी गळ्यात झोळी अडकवून बसला होता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, तुम्ही आमच्याकडे टेप बघायला आलात. आमच्या हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो आहे. पहिल्यांदा आलात तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, हे तुझे आजोबा का? मी म्हणालो होतो, यांच्यामुळे आमच्या घरात पुस्तक आलं. तुम्ही मान हलवली होतीत आणि पुन्हा कधी विचारलं नाहीत, पण आत येताना दर वेळी त्या फोटोकडे बघून जरा मान लववायचात. त्या रविवारीही लववलीत. मला तिकडे बघवेना.

तुम्ही टेप तीनदा मागे नेलीत. चौथ्यांदा नेली नाहीत.

"गादी हललीच नाही," तुम्ही म्हणालात. मग माझ्याकडे वळलात. "मिल. काल मी तुला विचारलं होतं."

मी सगळं सांगितलं. लॉट, सही, गुरुवार, बॉस, फाइल. सांगताना मी तुमच्याकडे नाही, मित्राच्या खेळण्यांकडे बघत होतो. तुम्ही ओरडाल असं वाटलं. ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही टीव्ही बंद केलात. मग विचारलंत, "कार्डाला अजून किती वेळ आहे?"

"वर्ष. कदाचित दीड."

"बरं," म्हणालात आणि उठलात. दारात थांबून म्हणालात, "तू कोणाला काही सांगू नकोस. मी बघतो."

सोमवारी तुम्ही टीमच्या मालकाला भेटलात. त्या खोलीत काय झालं ते मला तुम्ही नंतर तुकड्यातुकड्यांनी सांगितलंत. तुम्ही म्हणालात, पुढच्या घरच्या सामन्याआधी ती गादी बदलली नाही तर मी टीम मैदानात उतरवणार नाही. मालक म्हणाला, बदलतो, कंपनीला सांगतो, ऑपरेशनांचंही बघतो. पण गादीबद्दल बाहेर एक शब्द जाणार नाही, कारण शब्द गेला तर टीमच उरणार नाही. तुम्ही कबूल झालात. माझं नाव तुम्ही घेतलं नाहीत. "मी स्वतः दाबून पाहिली," एवढंच म्हणालात. शुक्रवारपर्यंत नवीन गादी लागली. मी जाऊन दाबली. चांगली होती. त्या भिंतीवर त्यानंतर कोणालाही तसं लागलं नाही. हे मी विसरलेलो नाही, कोच. पुढे जे लिहिणार आहे ते लिहिताना मी हे विसरलेलो नाही.

पण मंगळवारच्या पेपरात बातमी आली होती. अपघात कसा झाला, असं पत्रकाराने तुम्हाला विचारलं होतं, आणि तुम्ही म्हणाला होतात: "भिंतीचा अंदाज चुकला. चांगल्या खेळाडूंच्या हातूनही होतं."

माझ्या हातात चहा होता. ते वाक्य वाचून मी चहा तसाच ठेवून तुमच्या घरी आलो. तुम्ही गॅरेजमध्ये होतात.

"तुम्ही काहीच बोलला नसतात तरी चाललं असतं," मी म्हणालो. "त्याची चूक होती असं का म्हणालात?"

"काहीच बोललो नसतो तर त्याने शोधलं असतं. तो पत्रकार काही मूर्ख नाही."

"पण कर्टिस वाचेल."

"वाचेल," तुम्ही म्हणालात. "मिल, माझ्याकडे वीस माणसं आहेत. आणि तू आहेस. एका बाजूला हे सगळं, दुसऱ्या बाजूला एक वाक्य. मी निवडलं."

मग तुम्ही टेप मागितलीत. मी दिली. गुरुवारी प्रॅक्टिसला मी नवीन टेप आणली होती, तुम्ही ती बाजूला ठेवलीत, खिशातून जुनी काढून माझ्या कॅमेऱ्यात घातलीत आणि म्हणालात, "यावर कर." मी केलं. कर्टिसच्या त्या चेंडूवर मी माझ्या हातांनी दीड तासाची प्रॅक्टिस उतरवली. त्या कामात आपण दोघं होतो.

त्यानंतर तुम्ही त्याच्यासाठी जे केलंत तेही मी पाहिलं. दवाखान्यात रोज जायचात. मार्ज त्याच्या आईसाठी डबे भरून पाठवायची. पुढच्या सीझनला तुम्ही त्याला रिसीव्हरांचा, म्हणजे चेंडू झेलणाऱ्यांचा, कोच केलंत, त्याआधी एकही दिवस न शिकवलेल्या माणसाला. तो चांगला निघाला. टीम बंद पडली तेव्हा तुम्हीच चार ठिकाणी फोन करून त्याला दुसऱ्या टीमकडे लावून दिलंत. तुमच्यामुळे त्याची पुढची वाट झाली, यात मला तिळमात्र शंका नाही. पण ही सगळी माया त्या एका वाक्याची भरपाई होती की खरीच माया होती, हे मला कधी कळलं नाही. बहुतेक दोन्ही असणार. विचारायचं धाडस झालं नाही.

माझं कार्ड आलं त्या दिवशी तुम्ही केक घेऊन आलात. मित्राने तो अर्धा तोंडाला फासला. तुम्ही निघालात तेव्हा मी ड्राइव्हवेपर्यंत आलो.

"आता सांगू का त्याला?" मी विचारलं.

"आता कशाला? तो सावरलाय. काम आहे, लग्न ठरलंय. तू सांगून मोकळा होशील आणि ओझं त्याच्या डोक्यावर जाईल."

"पण ते ओझं आत्ताही त्याच्याच डोक्यावर आहे."

"तुला कसं माहीत?"

मला माहीत नव्हतं. म्हणून मी विषय सोडला. आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. तुमच्या नकारामागे लपायला मला सोयीचं होतं. कार्ड खिशात आल्यावर माझ्याकडे भीतीचं कारण उरलं नव्हतं, तरी भीती तशीच होती. आता ती कर्टिसची होती. तो सणावाराला तुमच्याकडे यायचा, मला रस्त्यापलीकडून हात करायचा, "काय मिल, कॅमेरा कुठंय?" विचारायचा. मी खिडकीतून त्याची गाडी पाहिली की पडदा ओढायचो. कधीकधी मी मुद्दाम ग्रोसरीला निघून जायचो.

ऑक्टोबरात आपण पानं गोळा करत होतो, तेव्हा मी पुन्हा विषय काढला. त्या दिवशी तुम्ही भांडला नाहीत. दाताळ्यावर हात ठेवून उभे राहिलात. तुम्हाला धाप लागली होती. मी ती पाहिली आणि पानांमुळे असेल असं समजलो.

"थँक्सगिव्हिंगला येणार आहे तो," म्हणालात. "बघू."

चार वर्षांत पहिल्यांदा तुम्ही नाही म्हणाला नव्हतात. मग नोव्हेंबर लागला, आणि त्या बुधवारी सकाळी समोर ॲम्ब्युलन्स उभी होती.

चर्चमधून आल्यापासून मी नीट जेवत नव्हतो. ऑफिसात एक रिपोर्ट दोनदा चुकला. सांगावं तर तुम्हाला त्याच्यापासून हिरावून घेतल्यासारखं होणार; बिचाऱ्याने आत्ताच तुम्हाला मातीत ठेवलंय. न सांगावं तर तो जन्मभर उभा राहून लोकांना सांगत राहणार की चूक माझी होती. परवा सकाळी सुजाताने माझ्यापुढे पोळी ठेवली आणि समोर बसली.

"तेव्हा मी तुला गप्प राहा म्हणाले होते," ती म्हणाली. "ते माझ्याही डोक्यातून गेलेलं नाहीये. आता मी म्हणतेय, सांग. तो रविवारी परत चाललाय. फोन लाव."

मी म्हणालो, "कोचना हे नको होतं."

"कोच गेले, मिलिंद. आता तू त्यांचं नाव पुढे करू नकोस."

म्हणून काल दुपारी रूट नाइनवरच्या डोनटच्या दुकानात मी कर्टिसला भेटलो. त्याला वाटलं, मार्जच्या घराचं काही काम असेल. छताचं काही असेल तर भावाला पाठवतो, असंही तो म्हणाला. मी त्याला थांबवलं आणि म्हणालो, "तू शनिवारी जे बोललास ते खरं नाही. भिंतीचा अंदाज तुझा चुकला नव्हता."

मग सगळं सांगितलं. स्वतःला वाचवायचं नाही असं ठरवून गेलो होतो, त्यामुळे माझं आधी सांगितलं: सामन्याआधी मला माहीत होतं, कोचनी मला विचारलं, मी खोटं बोललो. मग तुमचं. पेपरातलं वाक्य कशाच्या बदल्यात होतं तेही. टेपचंही सांगितलं.

त्याने कॉफीला हात लावला नव्हता.

"कोचना आधी माहीत होतं?"

"नाही. रविवारी कळलं. आधी फक्त मला."

तो उठला आणि बाहेर गेला. काचेतून दिसत होता. गाडीच्या टपावर डावा हात ठेवून, पाठ माझ्याकडे करून उभा होता. मला वाटलं, निघून जाईल. मग वाटलं, परत येऊन मला मारेल. दोन्हींसाठी मी तयार होतो असं म्हणालो तर ते खोटं होईल.

तो परत आला. बसला. मारलं नाही, ओरडलाही नाही. त्याने मला असा प्रश्न विचारला जो मी चार वर्षांत एकदाही कल्पलेला नव्हता.

"मी वळलो होतो का?"

"काय?"

"शेवटच्या पावलाला. मी बरोबर वळलो होतो का? मला आठवत नाही. मला वाटतं मी भिंतीकडे बघितलं. घाबरलो आणि बघितलं, आणि म्हणून वाकडा आदळलो. तो चेंडू मी अजून रोज मनात पकडतो, मिल. रोज भिंत थोडी लवकर येते. पोरांना सांगतो, मी बघितलं, तुम्ही बघू नका."

"तू बघितलं नाहीस," मी म्हणालो. "मी दहा फुटांवर होतो. टेप चारदा पाहिली. तू पावलं मोजलीस, वळलास, पाठ आणि खांदा एकदम दिलास. कोच शिकवायचे अगदी तसं. तू सगळं बरोबर केलंस."

त्याने तोंडावर हात धरला. शेजारच्या टेबलावरची बाई आमच्याकडे बघायला लागली.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं. पावलं, वळण, पाठ, खांदा. तिसऱ्यांदाही सांगायला लावलं.

कोच, मी तुम्हाला गॅरेजमध्ये म्हणालो होतो की ते वाक्य तो वाचेल. तो नुसतं वाचून थांबला नव्हता, त्याने त्यावर विश्वास ठेवला होता. तुम्ही म्हणालात म्हणून. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर त्याने मानलं नसतं. त्याला दुखापत झाली ती माझ्यामुळे. पण स्वतःच्या पायांवरचा त्याचा भरवसा गेला तो तुमच्या शब्दामुळे, आणि तो परत द्यायला त्याच्या आयुष्यात तुमच्याइतका योग्य माणूस नव्हता. तुम्हाला चार वर्षं मिळाली होती. यासाठी मी तुमच्यावर रागावलो आहे. माझं नाव त्या खोलीत न घेणाऱ्या माणसावर रागवायचा मला किती अधिकार आहे, ते मला ठाऊक नाही. राग आहे, एवढं खरं.

निघताना मी त्याला म्हणालो की माफी मागून काही होत नाही, तरी मागतो.

"माफ केलं असं समजू नकोस," तो म्हणाला. "कोचचं काय करायचं तेही मला माहीत नाही अजून. त्यांच्यावर रागवायला घेतलं की ते दवाखान्यात माझ्या उशाशी बसलेले दिसतात." मग जरा थांबून म्हणाला, "मार्जला माहीत आहे?"

"नाही."

"रविवारी जाणार होतो, आता राहतो. गुरुवारी थँक्सगिव्हिंगला तिच्याकडे जेवायला जायचंच आहे. त्या बाईने चार वर्षं मला वाढलंय. तिच्या टेबलाशी बसून मी आता तीच गोष्ट पुन्हा सांगणार नाही. आणि हे तिला एकट्याने सांगायचं मला जमणार नाही. तू येशील."

तो मला विचारत नव्हता. मी हो म्हणालो.

गुरुवारला पाच दिवस आहेत. सुजाता म्हणते, तीही येणार. मला भीती वाटते, कोच. मार्जच्या चेहऱ्याची वाटते. तिच्याजवळ आता तुमच्या आठवणींखेरीज फार काही नाही, आणि त्यातली एक आम्ही बदलणार आहोत. तुम्ही त्याला गुरुवारी सांगणार होतात, असं मी तिला म्हणणार नाही. तसं म्हणायचा मोह होतोय, तिलाही बरं वाटेल. पण तुम्ही फक्त "बघू" म्हणाला होतात, आणि त्याचा अर्थ तुम्ही आपल्याबरोबर घेऊन गेलात. जे मला माहीत आहे तेवढंच सांगेन. एका सोमवारी तुम्ही स्वतःची नोकरी टेबलावर ठेवलीत आणि वीस माणसांसाठी ती भिंत बदलून घेतलीत, हे आधी सांगेन. मग मंगळवारचं सांगेन.